विकलेला लॅपटॉप परत घ्यावा का?

प्रश्न : मी मनोरीला राहतो. जुना लॅपटॉप ऑनलाइन जाहिरात देऊन १८ हजारांना विकला. घेणाऱ्याने मार्वेच्या जेट्टीवर चालू करून पाहिला, यूपीआयने पैसे दिले. आता म्हणतो, बॅटरी टिकत नाही, पैसे परत करा. करावेच लागतील का?

उत्तर : आधी तुमची जाहिरात पुन्हा वाचा. सगळं तिच्यावर अडलंय. तुम्ही दुकानदार नाही, घरातली एक वस्तू विकलीत. अशा विक्रीत १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार दर्जाची हमी सहसा आपोआप चिकटत नाही. बघून घेण्याची जबाबदारी ग्राहकाची. पण ‘बॅटरी चार तास चालते’ असं लिहिलं असेल, किंवा माहीत असलेला दोष झाकला असेल, तर त्याची तक्रार रास्त आहे.

तसं असेल तर नव्या बॅटरीच्या खर्चातला काही वाटा देऊन मिटवा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असणारच, हे त्यालाही कळतं.

पूर्ण पैसे द्यायचे ठरलं, तर लॅपटॉप हातात येईपर्यंत रुपयाही पाठवू नका. तळाचा सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहा आणि आतले भागही तपासा; आतला रॅम किंवा हार्ड डिस्क बदलून ‘तोच’ लॅपटॉप परत देणारे महाभाग असतात. पैसे ज्या खात्यातून आले तिथेच पाठवा. ‘भावाच्या नंबरवर टाका’ म्हणाला, तर साफ नकार द्या. व्यवहार मिटल्याचं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

धमक्या आल्या तर मेसेज जपून ठेवा आणि पोलिस ठाणं गाठा. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले, तर लगेच १९३० ला फोन करा. कायद्याचं साल आणि हेल्पलाइनचा नंबर एकच, हा निव्वळ योगायोग!