कपडे धुण्याचे यंत्र : बिघाडाची लक्षणे ओळखण्याचा पाठ

(इयत्ता ७ वी व ८ वी, विषय : सामान्य विज्ञान, तासिका २)

चिमूर तालुक्यातील नेरी, भिसी, शंकरपूर यांसारख्या मोठ्या गावांतच नव्हे, तर लहान खेड्यांतील काही घरांतही आता कपडे धुण्याचे विजेचे यंत्र आले आहे. मोगरीने धुणे बडविण्याचे स्त्रियांचे कष्ट त्यामुळे हलके झाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मोगरी मोडली तर ती डोळ्यांना दिसते. यंत्राचा बिघाड मात्र आवाज, वास व कंप यांवरून जाणावा लागतो. हे ज्ञान नसल्यास दुहेरी हानी होते. किरकोळ कारणासाठी तालुक्याच्या गावाहून मिस्त्री बोलावला जाऊन पैसा व्यर्थ जातो. उलट ज्या लक्षणासरशी यंत्र थांबवावयास हवे, त्याकडे दुर्लक्ष झाल्यास प्रसंग जिवावर बेततो.

हेतू : विद्यार्थ्याने दुरुस्ती शिकावी, हा या पाठाचा हेतू नाही. लक्षण पाहून ‘घरीच उपाय करावा’, ‘मिस्त्रीस बोलवावे’ किंवा ‘यंत्र तत्काळ बंद करावे’ यांपैकी योग्य निर्णय त्याला घेता यावा, एवढाच हेतू आहे.

साहित्य : एक सायकल, दोरी, लहान दगड व तीन पिनांचा सुटा प्लग. शाळेत यंत्र असण्याची आवश्यकता नाही.

प्रस्तावना : खेड्यांतील घरांत बहुधा दोन टाक्यांचे यंत्र असते. एका टाकीच्या तळाशी चकती असते व मोटार तिला पट्ट्याने फिरविते. दुसऱ्या टाकीत जाळीदार पिंप वेगाने फिरून कपड्यांतील पाणी बाहेर फेकते. त्यास घरोघर ‘ड्रायर’ म्हणतात. फळ्यावर आकृती काढून शिक्षकांनी सायकल उलटी उभी करावी. पेडल म्हणजे मोटार, साखळी म्हणजे पट्टा, मागील चाक म्हणजे चकती, असे साम्य विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. साखळी उतरवून पेडल फिरविले तर चाक फिरत नाही. नंतर साखळी चढवून धावेजवळ आऱ्यांना दगड घट्ट बांधावा व चाक बेताने फिरवावे. सारी सायकल हादरू लागते. मुलांना या वेळी चाकाच्या समोर उभे राहू देऊ नये.

विषयविवेचन

पहिला गट : घरीच उपाय. ड्रायर धडधडू लागला तर बहुधा कपडे एका बाजूस गोळा झालेले असतात; बांधलेल्या दगडाचेच ते उदाहरण होय. यंत्र थांबवून कपडे सारखे पसरावेत व यंत्राचे चारही पाय जमिनीवर नीट टेकले आहेत की नाही ते पाहावे. पाणी बाहेर जात नसेल तर नळी दुमडली आहे काय, तिचे तोंड टाकीच्या तळापेक्षा उंच आहे काय, हे तपासावे. या यंत्रातील पाणी बहुधा उताराने जाते, चढाने जात नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलाचे कपडे तसेच टाकल्याने नळीत गाळ बसतो. म्हणून ते आधी बाहेर खळबळून घ्यावेत. चकती संथ फिरत असून घरातील दिवाही मंद झाला असेल, तर दोष यंत्राचा नसून विजेच्या कमी दाबाचा असू शकतो. अशा वेळी यंत्र बंद ठेवून दाब पूर्ववत झाल्यावर पुन्हा पाहावे. कोणताही उपाय करण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा.

दुसरा गट : मिस्त्रीचे काम. मोटार चालल्याचा आवाज येतो, परंतु चकती फिरत नाही. पट्टा उतरला किंवा तुटला असावा. मोटार नुसतीच गुणगुणते. चकतीखाली कपडा अडकला असेल किंवा कंडेन्सर निकामी झाला असेल. तशी मोटार चालू ठेवल्यास तापून जळते, म्हणून बटण लगेच बंद करावे. दिवसेंदिवस वाढणारी खरखर बेअरिंग झिजल्याची खूण असते. नळ्यांचे सांधे घट्ट असूनही यंत्राखाली ओल येत असेल, तर रबरी सील फाटले असेल किंवा आतील नळी उंदरांनी कुरतडली असेल. धान्याच्या घरात ही शक्यता विशेष असते. उंदीर तारेचे वेष्टनही कुरतडतात, म्हणून अशी ओल दिसताच वापर थांबवावा.

तिसरा गट : यंत्र तत्काळ बंद करावे. जळका वास किंवा धूर आला. यंत्रास हात लागताच झिणझिण्या आल्या. झाकण उघडूनही ड्रायर थांबला नाही : या तीन खुणांवर क्षणाचाही विलंब नको.

झिणझिण्या म्हणजे यंत्राच्या अंगात वीज उतरली आहे व तिला जमिनीत जाण्याची नीट वाट नाही. प्लगमधील लांब व जाड पिन ही वाट म्हणजे अर्थिंग जोडण्यासाठी असते, हे प्रत्यक्ष दाखवावे. ती काढून टाकणे किंवा दोन पिनांवर काम भागविणे घातक आहे. पायांत चप्पल घालून किंवा पायाखाली पाट घेऊन यंत्र वापरण्याची रीत काही घरांत असते. तो उपाय नव्हे, दोष झाकणे आहे. ओल्या हातांनी व भिजलेल्या जमिनीवर तीच झिणझिणी प्राण घेऊ शकते. अशा वेळी यंत्रास पुन्हा स्पर्श न करता मुख्य स्विच बंद करावा. घरात ३० मिलिॲम्पियरच्या गळतीवर पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच असेल व तो वारंवार पडत असेल, तर ती दोषाचीच सूचना समजावी.

ड्रायरविषयी विद्यार्थ्यांकडून गणित करवून घ्यावे. पिंपाची त्रिज्या १२ सेंटिमीटर व फेरे मिनिटाला १३०० धरल्यास परीघ सुमारे ७५.४ सेंटिमीटर, म्हणून कडेवरील बिंदू मिनिटाला सुमारे ९८० मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ ५९ किलोमीटर धावतो. हा वेग चिमूरहून वरोऱ्याकडे धावणाऱ्या बसचा आहे. फिरत्या कपड्यात बोट गुंतल्यास काय होईल, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. झाकण उचलताच ब्रेक लागून पिंप काही सेकंदांत थांबले पाहिजे. ते थांबत नसेल तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नये.

संकलन : फळ्यावर तीन रकाने आखून शिक्षकांनी लक्षणे उलटसुलट क्रमाने सांगावीत; विद्यार्थ्यांनी रकाना व कारण सांगावे. केवळ उत्तर नव्हे, ‘कशावरून?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

उपयोजन : ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी ते न हाताळता दुरून पाहून, घरातील मोठ्यांना विचारून एका आठवड्याची नोंद करावी. इतरांनी गावातील हातपंप, पिठाची गिरणी किंवा सायकल यांची तशीच नोंद करावी; दोन्ही नोंदींस सारखेच गुण द्यावेत. यंत्राचे मागील झाकण कोणीही उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो, ही सूचना वहीत लिहवून घ्यावी. तिसऱ्या गटातील तीन खुणा पालकांना वाचून दाखवून त्याखाली त्यांची सही आणावयास सांगावी. म्हणजे पाठ शाळेत न राहता घरापर्यंत पोहोचेल.