जुन्या संगणकखेळांचे संगीत आणि मिडी ध्वनियंत्रे

१९८३ साली मिडी हा संकेत निश्चित झाला आणि निरनिराळ्या कारखान्यांची विद्युत्‌वाद्ये पाच पिनांच्या एकाच जोडणीने परस्परांस व संगणकास जोडता येऊ लागली. या तारेतून नाद वाहत नाही, हे वाचकांनी प्रथम ध्यानी घ्यावे. वाहतात त्या केवळ आज्ञा: अमुक क्रमांकाचे वाद्य घ्या, अमुक स्वर इतक्या जोराने वाजवा, आता थांबवा. नाद निर्माण होतो तो पलीकडच्या ध्वनियंत्रात. तेव्हा कोणत्या क्रमांकाचे वाद्य कोणते, याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत हवे. मूळ संकेताने तर ते ठरवून दिलेच नव्हते.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८७ साली एमटी-३२ हे ध्वनियंत्र काढले व त्यातील १२८ नाद स्वतःच्या क्रमाने लावले. अमेरिकेतील सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’ (१९८८) या खेळात विल्यम गोल्डस्टाइन यांचे संगीत या यंत्रावर वाजविण्याची सोय होती. पुढे १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ ही सामाईक वाद्यसूची आली आणि त्याच वर्षी रोलँडचेच एससी-५५. मात्र नव्या सूचीचा क्रम जुन्याहून निराळा होता. एमटी-३२ मध्ये आपली सतार ६४ वी आहे. नव्या सूचीत ती १०५ वी असून ६४ व्या जागी कृत्रिम पितळी वाद्ये बसली आहेत. जुन्या यंत्रावरील ५३ वे व्हायोलिन नव्यावर चक्क वृंदगायन होऊन उमटते. पियानो तेवढा दोहोंत पहिलाच. त्यामुळे आरंभ बिनचूक व्हावा आणि पुढे गोंधळ उडावा, असा प्रकार पुष्कळदा घडतो.

क्रमांकांची ही अदलाबदल कोष्टकाने सुधारता येते. एससी-५५ मध्ये जुन्या क्रमाची सोय आहेही. खरी अडचण अधिक खोल आहे. एमटी-३२ च्या स्मृतीत ६४ नव्या नादांना जागा होती. खेळ सुरू होताना संगणक आपल्या नादांची घडण तेथे पाठवी आणि मग संगीत वाजे. एससी-५५ मात्र साठविलेल्या ध्वनिनमुन्यांवर चालते. ही घडण त्याला उमगत नाही. संगीतकाराने मुद्दाम घडविलेला नाद अशा वेळी हरवतो, व त्याच्या जागी भलताच वाजतो.

एकाच घराण्यातही मेळ पुरता नाही. आरंभीच्या एमटी-३२ कडे संदेश फार त्वरेने आले, तर ते गोंधळून पडद्यावर त्रुटी दाखवी. १९८९ च्या सीएम-३२एल मध्ये हा दोष गेला, शिवाय ३३ ध्वनिपरिणाम वाढले. त्यांवर विसंबलेला खेळ जुन्या यंत्रावर अपुरा ऐकू येतो. हल्ली ‘मंट’ हा विनामूल्य कार्यक्रम या घराण्याची नक्कल संगणकातच करतो. १९९१ नंतरच्या काही खेळांत दोन्ही यंत्रांचे पर्याय असतात. तेथे संगीत मुळात कोणत्या यंत्रासाठी बांधले, ते पाहूनच निवड करावी.