मूल मंद की कसोटी?

रोमा हे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या लोकांचे वंशज. ‘ही मुले शिकणारी नव्हेत’ हा समज तेथे खोल रुजलेला. चेक देशातील ऑस्ट्रावा शहरात १९९६ ते १९९९ या काळात १८ रोमा मुलांना मतिमंदांच्या विशेष शाळांत घालण्यात आले. पालकांची संमती घेतली, पण तिचे परिणाम त्यांना नीट समजावले नाहीत. मुलांचे वेगळेपण ध्यानात न घेताच चाचण्यांचे निकाल ग्राह्य धरले गेले. १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभावच ठरविला.

त्याच वर्षी हंगेरीत शायोकाझा गावी रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू झाली. ज्यांच्या शिक्षणाची आशा इतरांनी सोडली होती, ते तेथे शालान्त परीक्षेची तयारी करू लागले.

‘यांना डोके नाही’ हे बोल आमच्या मागच्या पिढ्यांनीही ऐकले आहेत. आज आमच्यापैकी अनेकजण शिक्षक आहेत. वर्गात पारधी समाजाचे मूल मागे पडले, तर त्याच्यावर शिक्का मारण्यापूर्वी आम्ही आमची कसोटी तपासतो काय? प्रत्येकाने स्वतःला हा प्रश्न विचारावा.