अन्यधर्मीय उपासनास्थळास भेट : एक सहलपाठ

सहलीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना किल्ले, धरणे व कारखाने दाखविण्याची प्रथा प्राथमिक शाळांत रूढ आहे. मुलांच्या घरच्या धर्माहून निराळ्या धर्माचे उपासनास्थळ दाखविताना मात्र शिक्षक बहुधा कचरतात. मुलांकडून काही आगळीक घडेल, अथवा पालक आक्षेप घेतील, अशी धास्ती त्यांना वाटते. ही धास्ती अगदीच अनाठायी नाही. परंतु योग्य तयारीने ती दूर होते, आणि अशा भेटीत मुलाच्या मनाला जी शांतता लाभू शकते ती अन्य सहलीत क्वचितच लाभते. ती कशी येते व तिच्यासाठी शिक्षकाने काय करावे, याचा विचार नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराच्या उदाहरणाने प्रस्तुत पाठात केला आहे.

स्थानपरिचय

गोदावरीच्या काठी नांदेड येथे शिखांचे दहावे गुरू श्रीगुरू गोविंदसिंगजी यांनी इ. स. १७०८ मध्ये देह ठेवला. आपल्या पश्चात कोणी व्यक्ती गुरू न होता ग्रंथसाहिबासच गुरू मानावे, अशी आज्ञा त्यांनी येथेच केली, असे शीख परंपरा सांगते. महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात येथील मुख्य वास्तू उभी राहिली. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक होय. वर्गात एवढी माहिती पुरेशी आहे. सनावळीचा भार वाढवू नये.

पूर्वतयारी

प्रथम पालकांची संमती घ्यावी. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार, संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तसेच शासनमान्य अथवा अनुदानित संस्थेतील अज्ञान विद्यार्थ्यास पालकांच्या संमतीवाचून उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. म्हणून ही भेट अभ्यासासाठी आहे, उपासनेसाठी नव्हे, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. जो मुलगा येणार नाही त्याला वर्गात कोणी टोचून बोलणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

नंतर तेथील रीत मुलांना समजावून द्यावी. पादत्राणे बाहेर ठेवावीत, हातपाय धुवावेत, मस्तक रुमालाने झाकावे. ग्रंथसाहिबासमोर जमिनीवर बसावे व त्याच्याकडे पाय पसरू नयेत. प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावा. नको असल्यास नम्रपणे तसे सांगावे. तंबाखू, विडी अथवा सिगारेट जवळ बाळगू नये. हा शेवटचा नियम मुलांपेक्षा बरोबरच्या मोठ्या माणसांनी अधिक ध्यानात ठेवावा.

भेटीच्या वेळी

परक्या उपासनास्थळी पाऊल टाकताच मन शांत होते, असे समजणे चुकीचे आहे. तेथे प्रथम येतो तो संकोच. कोठे उभे राहावे, हात जोडावेत की नाही, आपले काही चुकत तर नाही ना, या विचारांनी मूल अंग चोरून उभे राहते. हा संकोच दोन गोष्टींनी जातो. एक म्हणजे आधी कळलेली रीत, आणि दुसरी म्हणजे तेथील माणसांनी केलेले स्वागत. गुरुद्वारात येणाऱ्यांची पादत्राणे सांभाळण्याचे काम भाविक सेवा म्हणून करतात. आपल्या धुळीने माखलेल्या वहाणा एखादा वडीलधारा गृहस्थ आदराने उचलून ठेवीत आहे, हे पाहिल्यावर मुलाला निराळे काही सांगावे लागत नाही.

संकोच गेल्यावर जी शांतता येते तिचे कारण साधे आहे. घरच्या देवापुढे मूल बहुधा काही मागणे घेऊन उभे राहते. परीक्षा, आईचे आजारपण, वडिलांचे कर्ज हे सारे तेथे त्याच्याबरोबर येते. परक्या ठिकाणी त्याचा नवस बोललेला नसतो, म्हणावयाचे स्तोत्र ठाऊक नसते व कोणी त्याची परीक्षा घेत नसते. त्याने केवळ बसावयाचे व ऐकावयाचे असते. म्हणून कीर्तन चालू असता शिक्षकाने माहिती सांगू नये, वह्या काढावयास लावू नयेत. दहा मिनिटे सर्वांनी निमूट बसावे.

त्यानंतर लंगरमध्ये जावे. तेथे जात, धर्म वा संपत्ती न विचारता सर्वांना एकाच पंगतीत जेवू घालतात. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यावी व पानात काही टाकू नये. ‘पंगत’ हा शब्द तेथेही चालतो, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येईल.

भेटीनंतरचा पाठ

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे की, ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि त्यांत विठ्ठलाचे नाव ‘बीठल’ या रूपाने येते. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नरसी नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे, व त्यांचे स्मृतिस्थान घुमान पंजाबात आहे. नकाशावर दोन्ही गावे दाखवावीत. मात्र ही माहिती भेटीपूर्वी सांगू नये. ‘तेथेही आपलेच आहे, म्हणून ते चांगले’ असा समज मुलांनी करून घेणे इष्ट नाही. जेथे आपले काहीही नाही त्या ठिकाणाचाही आदर राखता आला पाहिजे.

‘तुम्हाला शांत वाटले का?’ असा प्रश्न विचारू नये. मुले शिक्षकांना आवडेल तेच उत्तर देतात. ‘तेथे काय ऐकू आले? कोणी काय काम करीत होते? कोणत्या क्षणी अवघडल्यासारखे झाले?’ हे प्रश्न विचारावेत. अवघडल्याचे प्रामाणिक उत्तर देणाऱ्या मुलाचे कौतुक करावे.

समारोप

बहुतेक गावशाळांत एखाददुसरे मूल असे असते की, ज्याच्या घरची उपासना इतरांहून निराळी असते. शाळेतील प्रार्थना, सण व पूजन यांच्या वेळी ते मूल कडेला उभे असते आणि हात जोडावेत की नाही, हे त्याला उमगत नसते. सहलीत इतर मुलांनी जो संकोच घटकाभर अनुभवला तो या मुलाच्या नित्याचा असतो. त्याच्या वहाणा आदराने उचलून ठेवणारे कोणी शाळेत आहे काय, हा प्रश्न सहलीहून परतलेल्या शिक्षकाने स्वतःस विचारावा. परक्याच्या दारी मिळालेली शांतता आपल्या दारी आलेल्यास देता आली, म्हणजे हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.