सीडी ड्राइव्ह खरंच गेलाय का?

२००४ सालची गोष्ट. जोगेश्वरीला आमच्या घरी सेकंडहँड पेन्टियम होता. सबमिशन चार दिवसांवर आलं आणि विंडोज ९८ उडालं. स्टार्टअप फ्लॉपी टाकली, 'डी' वर जाऊन सेटअप टाइप केलं, तर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'! म्हटलं, ड्राइव्ह गेला. लोकलने ग्रँट रोड गाठलं, लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला. शिकवणीचे पैसे संपले, एरर मात्र तीच.

रात्री स्क्रीनवरच्या ओळी नीट वाचल्या. ही फ्लॉपी मेमरीत तात्पुरता रॅमड्राइव्ह बनवते. हार्डडिस्कवर एकच पार्टिशन, म्हणून 'डी' त्याला मिळालं आणि सीडी 'ई' वर सरकली. जुना ड्राइव्ह ठणठणीत होता!

हॉस्टेलवर कुणी जुना पीसी उघडलाच, तर हा क्रम ठेवा :

१. बायोसमध्ये ड्राइव्ह दिसत नाही? पॉवर, केबल, मग जम्पर तपासा. एका केबलवर दोन मास्टर चालत नाहीत.

२. दिसतो, पण बूट होत नाही? बूट ऑर्डरमध्ये सीडी आधी घ्या. सीडीवरून बूट करण्याचं 'एल टोरिटो' स्टँडर्ड १९९५ चं. त्याआधीच्या मशीनला फ्लॉपी लागतेच.

३. कॉपी होताना अडकतं? सीडी पुसा, दुसरी लावून बघा. राइट केलेल्या सीडी जुन्या ड्राइव्हला वाचायला जड जातात.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठे होता ते कळत नाही. आणि मित्रांनो, स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी स्क्रीन वाचा. माझं सबमिशन वाचलं, पैसे नाही!