बिनतारी कीड

एका कणगीतील धान्याला कीड लागली, तर ती शेजारच्या कणगीत शिरण्यास वेळ लागत नाही. संगणकालाही अशीच एक कीड लागते. मात्र ती सजीव नसते. मनुष्यानेच लिहिलेली ती आज्ञांची मालिका असते. एका संगणकात शिरली, की ती स्वतःच्या प्रती काढून दुसऱ्या संगणकांकडे धाडते. इंग्रजीत तिला 'वर्म' म्हणजे कृमी म्हणतात. मराठीत 'वर्म' म्हणजे नाजूक जागा. आणि ही कीडही संगणकाचे वर्म हेरूनच आत शिरते.

१९८८ साली अमेरिकेत अशी एक कीड तारांनी जोडलेल्या हजारो संगणकांत पसरली. पुढे किडीला तारेचीही गरज उरली नाही. २००४ साली आढळलेली 'कॅबिर' ही कीड ब्लूटूथच्या बिनतारी लहरींवरून सुमारे दहा मीटरच्या आतील दुसऱ्या मोबाईल फोनात जाई. फोनधारकाने होकार दिला, तरच तिला प्रवेश मिळे. परंतु एकदा शिरल्यावर, फोन घेऊन मनुष्य जेथे जाई तेथे तीही जाई.

सैन्याच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर असतो. रणभूमीवर संदेशवहनाचे मनोरे असतीलच असे नाही. अशा ठिकाणी प्रत्येक बिनतारी यंत्र दुसऱ्याचा संदेश पुढे पोचवते. तुकड्या हलतात, तशा जुन्या जोडण्या तुटतात व नव्या जुळतात. ज्या वाटेने संदेश जातो, त्याच वाटेने कीडही जाऊ शकते. शिवाय तिच्या प्रतींचीच गर्दी झाली, तर महत्त्वाची आज्ञा पोचण्यास विलंब होतो.

मग बाधित यंत्र तत्काळ बंद का करू नये? तसे केल्यास ते वापरणारा सैनिक एकाकी पडतो. इतकेच नव्हे, तर त्याच्यामार्फत संदेश मिळणाऱ्या पलीकडच्या साथीदारांचाही संबंध तुटू शकतो. म्हणून कीड लागल्यावर ती काढण्यापेक्षा, ती लागूच न देणे श्रेयस्कर ठरते.

२००८ साली अमेरिकेच्या सैन्यातील संगणकांत एक कीड शिरली. ती आली एका लहानशा पेनड्राइव्हमधून! त्यानंतर अशा साधनांच्या वापरावर सैन्याने वर्षाहून अधिक काळ बंदी घातली. तटबंदी कितीही भक्कम असली, तरी एक दिंडी उघडी राहिली, की शत्रूस तेवढी पुरते.