पोट दुखतंय, पण नेमकं कुठे?

मूल पोट धरून आलं की घरात औषधांची स्पर्धा लागते. आजी हिंगाचा डबा काढते, बाबा कपाटातल्या सिरपची तारीख बघतात. ते सगळं नंतर. आधी दहा मिनिटं मुलाकडे नीट बघा.

सुरुवात एका प्रश्नाने करा: "कुठे दुखतंय, एका बोटाने दाखव." मूल बेंबीभोवती सगळा तळहात फिरवत असेल आणि एरवी खेळत-खात असेल, तर बहुधा बद्धकोष्ठ, गॅस किंवा मनातली धास्ती असते. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी खरा आजार सापडण्याची शक्यता जास्त, असा ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांचा आडाखा आहे. पण अपेंडिक्सचं दुखणंही अनेकदा बेंबीजवळच सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. म्हणून दोन-तीन तासांनी बोट पुन्हा दाखवायला सांगा. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बोटावर मात्र फार विसंबू नका. घसा दुखला तरी ते पोटच दाखवतं.

आता शीबद्दल विचारा. "शी झाली का?" असं विचारलं की मूल "हो" म्हणून मोकळं होतं. कधी झाली, कडक लेंड्या होत्या का, जोर करावा लागला का, हे विचारा. शाळेतल्या घाण संडासात जायला नको म्हणून दिवसभर दाबून धरणारी मुलं खूप आहेत. लघवीला जळजळतं का, तेही याच वेळी विचारून घ्या. दुखणं सोमवारी सकाळीच येत असेल तर शाळेत काय चाललंय ते हळूच काढून घ्या. त्याला नाटक म्हणू नका. धास्तीने आतड्यांना खरोखरच पेटके येतात.

मग पोट तपासा. मुलाला उताणं झोपवून गुडघे दुमडायला सांगा, म्हणजे पोट सैल पडतं. आपले हात चोळून गरम करा. दुखऱ्या जागेपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करून बोटांच्या पेरांनी हलकेच दाबत या. दाबताना क्रिकेटबद्दल, मैत्रिणीबद्दल, काहीही बोलत राहा. नजर पोटावर नको, चेहऱ्यावर हवी. गप्पांच्या नादात पोट मऊ राहिलं तर बरं लक्षण. एकाच जागी कपाळाला आठी पडते, पोट फळीसारखं ताठ होतं, हात झटकला जातो, तर पुढचे घरगुती उपाय विसरा. पोट मऊ असेल तर शेवटी जागेवर उडी मारायला सांगा. जे मूल उडी मारायला तयार होत नाही किंवा वाकून चालतं, त्याला डॉक्टरांकडे न्या.

हे सगळं ठीक असेल तर पाणी पाजा, संडासात निवांत बसवा, पोटावर कोमट शेक द्या. हिंगाचा लेप लावायला हरकत नाही. जेवणाचा आग्रह नको. जुलाब होत असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवा. अर्धं पाकीट, अर्धं पाणी असा हिशेब करू नका. पॅरासिटामॉल द्यायचंच झालं तर वजनानुसार द्या आणि बाटली वाचा: ५ मिलीत कुठे १२० मिलिग्रॅम असतं, कुठे २५०.

एरंडेल किंवा जुलाबाचं औषध मात्र अजिबात नको. "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेणंही नको. आत अपेंडिक्स सुजलेलं असेल तर हे महागात पडतं.

पुढचं काही दिसलं तर रात्र उलटायची वाट बघू नका: हिरवी उलटी, शीतून रक्त, झोपेतून उठवणारं किंवा वाढतच जाणारं दुखणं, तान्ह्या बाळाचं थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन रडणं. पावसाळ्यात डेंग्यूचा ताप उतरताना पोट जोरात दुखू लागलं, तर ताप गेला म्हणून निश्चिंत होऊ नका; तीच धोक्याची वेळ असते. गाडी नसेल तर १०८ला फोन करा.

आणि मुलगा असेल तर चड्डी काढून बघा. वृषणाला पीळ बसला तरी मुलगे लाजून "पोट दुखतंय" एवढंच सांगतात. तिथे सूज किंवा दुखरेपणा दिसला तर थेट हॉस्पिटल गाठा. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचतं.